लाल फिल्मचं विमान

अहो,

डबा भरलेला नाही, शोधू नका. कळण्याची भाकरी टोपलीत आहे, ती घरीच खा. आज तुम्ही पिंपळनेरची एसटी घेऊन जाणार नाही. तुम्हाला ताप आलाय, असं डेपोत सांगायला मी निघाले आहे. खरं काय ते नंतर तुमचं तुम्ही सांगा.

वर्षभर खपून पहिलंच इंजिनाचं विमान केलंत, ते काल कापसात पडलं. रिमोटनं दगा दिला, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. सकाळी तुम्ही झोपेत असताना मी तो रिमोट लावून पाहिला. इंजिन फुटलंय, पण शेपटी अजून दोन्हीकडे वळते. काल विमान आपल्या डोक्यावरच होतं. पंखांवरची लाल फिल्म मीच इस्त्रीनं चिकटवलेली, मला स्वच्छ दिसत होती. आणि तुम्ही नुसती आवाजामागे मान फिरवत मला विचारत होतात, "कोठे शे व ते?"

हल्ली रोज पेपर मला मोठ्यानं वाचायला लावता. मला वेडीला वाटलं, लाड करताय.

तुमच्या मागे गाडीभर माणसं बसलेली असतात. लायसन माझ्या पर्समध्ये आहे. संध्याकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावलाय.

अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. एवढीही दिसली नाहीत, तर शेजारी कुणाकडून वाचून घेऊ नका. मी आले की मीच वाचून दाखवीन.

हेमांगी