जुनी टोकनं बंद होणार आहेत

४ फेब्रुवारी

चि. भोपूस,

ताईचे आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून ते उघडायला तू किती वेळ लावलास ते मला कळणार नाही, आणि मी विचारणारही नाही. मला फोन करू नकोस, असं तू जाताना म्हणाला होतास. पत्राबद्दल काही बोलला नव्हतास. पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसातून मिळवला.

इकडे सगळं ठीक. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही, मग तोही गप्प बसतो. खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. नवरा-बायको दोघंही दातांचे डॉक्टर, त्यामुळे जिन्यात भेटले की मी तोंड मिटून हसते. तुझ्या खोलीला रंग दिला आणि सर्व्हर तिथे हलवला. खोली रिकामी ठेवणं मला पटत नाही. आता निदान पंखा तरी घरघरतो.

हे पत्र कामाचं आहे. आपल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती याच महिन्यात बाहेर काढायची आहे. ‘आपल्या’ म्हणते, कारण फायलींचा भाग तू लिहिलास आणि लॉगिनचा मी. तू निघून गेलास म्हणून लिहिलेलं पुसलं जात नाही. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचं तुझं वाक्यही मी तसंच ठेवलंय: ‘तुमचे फोटो, तुमची कागदपत्रं, तुमच्याच घरातल्या डब्यात. परक्या कंपनीच्या कपाटात नाही.’ वाक्य जरा भडक आहे, पण चालतं. ते वाचूनच लोक आपलं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेतात आणि मग दुरुस्त्याही फुकट पाठवतात.

या आवृत्तीत लॉगिन पूर्ण बदलतंय. पहिल्या आवृत्तीत सगळ्या घराला मिळून एकच पासवर्ड होता, आठवतं? आईने तो शेजारणीला खिडकीतून ओरडून सांगितला होता. का, तर तिने विचारलं. मग दुसऱ्या आवृत्तीत आपण प्रत्येकाला वेगळं नाव दिलं. पासवर्ड एकदा घातला की त्या यंत्राला टोकन मिळायचं, म्हणजे दारावर दाखवायची ओळखीची चिठ्ठी. त्या टोकनाला मुदत हवी, असं मी म्हटलं तर तू पानावरून उठायच्या बेतात होतास. “घरच्या माणसाला रोज काय विचारायचं, तू कोण म्हणून?” आई म्हणाली, “बरोबर आहे त्याचं.” तुम्ही दोघं एका बाजूला आणि मी एकटी. मुदत घातली नाही.

गेल्या महिन्यात एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यांनी जुना लॅपटॉप विकून टाकला होता. ज्याने घेतला त्याने तो उघडला, टोकन आपलं जिवंत. मुलीच्या आजारपणाची सगळी कागदपत्रं त्या माणसाने चाळली. गृहस्थ आम्हाला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून आता पासवर्ड जाणार. प्रत्येक यंत्र स्वतःची किल्ली स्वतःच घडवणार आणि ती त्या यंत्रातून बाहेर पडणार नाही. नव्या माणसाला आत घ्यायचं असेल तर त्याच्या पडद्यावर एक सहा आकडी संख्या दिसेल. ती त्याने सर्व्हरच्या मालकाला स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवायची, मालकाने आपल्या पडद्यावर घालायची. मेसेज नाही, मेल नाही. लिहिलेलं कोणीही पाठवू शकतं. आवाज ओळखता येतो. आणि जुनी टोकनं सगळी रद्द.

ही सूचना सर्व वापरकर्त्यांना द्यायची आहे, म्हणून तुलाही दिली.

कारण घरच्या सर्व्हरवर एक जुनं टोकन अजून चालू आहे. दर रविवारी सकाळी ते येतं, ‘चाचणी’ या फोल्डरमधली एखादी फाइल ऐकतं आणि निघून जातं. अपलोड चालतंय का ते बघायला तू आईच्या तोंडापुढे फोन धरायचास, त्या फायली. आई पेपर वाचतेय, आई दुधाच्या भांड्यावरून मला रागावतेय, आई विचारतेय, “झालं का रे तुझं? बोलू का अजून?” माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं तू म्हणाला होतास. ठेवलेलं नाहीस. लॅपटॉप येऊन जातो.

पत्र पोचल्याचं कळव.

ताई

ता. क. तुझा राखाडी स्वेटर सापडला. धुऊन ठेवलाय. पाठवायचा असेल तर तसं लिही.


२५ फेब्रुवारी

चि. भोपूस,

आशीर्वाद. उत्तर आलं नाही. तू स्वेटरचंही लिहिलं नाहीस, म्हणजे तो इथेच राहील.

आवृत्ती अजून बाहेर पडलेली नाही. तू गेल्यावर तुझा फायलींचा भाग एक बेकरीवाला सांभाळतो. पहाटे पाव भाजतो, दुपारी कोड लिहितो, आणि दोन्ही चांगलं करतो. मला ‘बाई’ म्हणतो आणि घाबरत अजिबात नाही. आमची दर आठवड्याला पडद्यावर बैठक असते. परवा त्याने मला धरलंच.

“बाई, आता काय राहिलंय?”

“सूचनांचा मजकूर तपासायचाय.”

“तो मागच्या आठवड्यात तपासलात.”

“पुन्हा तपासते. तुमचं काय जातं?”

“माझं काही नाही जात. पण भाजलेला पाव परत भट्टीत घातला तर त्याचा कोळसा होतो, आणि मग गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडतं.” मग म्हणाला, “बाई, तिकडे लोकांची दारं उघडी आहेत. हे तुम्ही मला सांगायचं, तर मी तुम्हाला सांगतोय. कोणाचं टोकन वाचवताय?”

एवढी वर्षं विमा कंपनीच्या संगणक विभागात काढली. मी एखादं काम अडवून धरलंय आणि त्याचं कारण मला दुसऱ्याने सांगितलंय, असं तिथे कधी झालं नव्हतं.

“माझ्या भावाचं असावं,” मी म्हटलं, आणि रविवारचं, आईच्या फायलींचं सांगितलं.

“असावं म्हणजे?”

“म्हणजे लॅपटॉप त्याचा. त्याच्यापुढे कोण बसतं ते मला काय ठाऊक? विकलाही असेल.”

“आणि ज्याने घेतला तो दर रविवारी तुमच्या आईचं पेपरवाचन ऐकत बसतो? बाई, माझी सख्खी बायको माझ्या आईचं ऐकत नव्हती.”

मला हसू आलं, आणि ते त्याला दिसलं, त्यामुळे तो सोकावला. म्हणाला, “एवढंच ना? तुमचा सर्व्हर, तुमचा कोड. ते एक टोकन सोडून द्या. एका ओळीचं काम आहे.”

ती ओळ मी लिहिली. चांगली चालली. मग पुसून टाकली. सगळ्या जगाला एक नियम आणि माझ्या भावाला दुसरा, हे मला जमणार नाही. शिवाय ती ओळ ठेवली असती तर पुढे कायम लॅपटॉपच येत राहिला असता. आपल्याकडे कोण येतं, हे मला मरेपर्यंत कळलं नसतं.

आता उशीर का केला ते सांगते, कारण तू गैरसमज करून घेण्यात पटाईत आहेस. आपलं सॉफ्टवेअर कंपनीला विकायचं नाही, यावरून आपलं फाटलं, आणि माझं मत आजही तेच आहे. त्यावर मला पुन्हा चर्चा नको. गोष्ट वेगळी आहे. त्या फोल्डरमध्ये आता आईच्या फायलींत भर पडणार नाही, हे उघडच आहे. तर गेल्या थंडीत मी एक माझी घातली. पेपरातलं हवामान वाचलं, दुसरं काय वाचणार. ‘उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील’ वगैरे. घसा बसला होता, आवाज अगदी चिरका आलाय. फाइलीला नाव दिलं नाही, आईच्या फायलींसारखा नुसता पुढचा आकडा दिला.

ती ऐकली गेली. पुढच्या रविवारी परत ऐकली गेली.

परका असेल तर त्याला हवामानाची फार आवड असणार.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी भाजी आणायला जात नाही. एवढंच.

येत्या गुरुवारी आवृत्ती बाहेर पडेल. बेकरीवाल्याला शब्द दिलाय.

ताई


११ मार्च

चि. भोपूस,

आशीर्वाद. आवृत्ती ठरल्या गुरुवारी बाहेर पडली. फारशा तक्रारी नाहीत. एका बाईंनी लिहिलं, की मुलाला आत घेण्यासाठी त्याच्याशी फोनवर बोलावं लागलं, ही पद्धत फार जुनाट आहे, आणि बोलणं तासभर चाललं. ही तक्रार आहे की नाही ते आम्हाला ठरवता आलं नाही. बेकरीवाल्याने ती भिंतीवर लावून ठेवलीय.

आता रविवारचं.

मी चहा घेऊन तुझ्या खोलीत सर्व्हरजवळ बसले होते. तुझा लॅपटॉप नेहमीच्या वेळेला आला. त्याला आत घेतलं नाही. तुझ्या पडद्यावर काय आलं असेल ते मला पाठ आहे, माझंच वाक्य आहे: ‘ही ओळख आता चालत नाही.’ तो मजकूर मी किती वेळा तपासला असेन. समोरच्या बाजूला बसून एकदाही वाचला नव्हता. फार तुसडा आहे. बदलणार आहे.

लॅपटॉप पुन्हा आला. पुन्हा तेच. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, गेलास. चहावर साय धरली.

आणि मग नव्या पद्धतीने विनंती आली. म्हणजे तू ती लांबलचक सूचना वाचलीस, शेवटपर्यंत, जे तू जन्मात कधी केलं नाहीस. नावाच्या जागी तू लिहिलंस: मी.

आपल्या घरी कडी वाजली की आई आतून विचारायची, “कोण?” आणि बाहेरचा म्हणायचा, “मी.” बाबा म्हणायचे मी, तू म्हणायचास मी, मीही म्हणायचे मी. त्यावरून काय कळतं, असं मी आईला एकदा विचारलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. आणि प्रत्येकाला दार उघडायची.

‘मी’ हे नाव म्हणून चालत नाही. नावाची जागा मोकळी सोडली तर अडवायचं, असं मी कोडमध्ये लिहिलं होतं, ‘मी’ अडवायचं सुचलं नव्हतं. तुझ्या पडद्यावर सहा आकडे आले असतील. माझ्या पडद्यावर ते घालायची रिकामी चौकट आली. फोन मांडीवर घेऊन बसले. वाजला नाही. दुपारी उठून भात टाकला, परत येऊन बसले. तुझी विनंती तशीच आहे. मालक नाही म्हणेपर्यंत ती रद्द होत नाही.

काल बेकरीवाला म्हणाला, “बाई, आता तर खात्री पटली ना? आकड्याशिवाय आत घ्या. कोण बघतंय?” कोणी बघत नाही हे खरं आहे. या घरात कोणी काही बघत नाही. पण घेतलं नाही.

दुसरंही एक करता येईल. आईच्या सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घालून या पाकिटातून पाठवता येतील. म्हणजे तुला कोणाकडे काही मागायला नको. ड्राइव्ह आणली, फायली घातल्या, पाकिटावर तुझा पत्ताही लिहिला. मग लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत तुला त्या कधीही उतरवून घेता आल्या असत्या. एक बटण दाबायचं होतं. तू दाबलं नाहीस. दर रविवारी आलास, एक ऐकलीस आणि गेलास. घेऊन गेला असतास तर परत यायला कारण उरलं नसतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे येण्याजाण्याच्या नोंदींत, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी फक्त टोकन कोणाचं ते बघत बसले.

ड्राइव्ह पाठवत नाही.

आज सकाळी माझेच नियम पुन्हा वाचले. ‘नव्या व्यक्तीने आकडे मालकाला वाचून दाखवावेत,’ असं लिहिलंय. फोन कोणी कोणाला करायचा, ते मी लिहिलेलं नाही. वास्तविक लिहायला हवं होतं. असला ढिसाळपणा दुसऱ्या कोणी केला असता तर मी त्याला धारेवर धरलं असतं.

तेव्हा येत्या रविवारी, तू येतोस त्या वेळी, मी तुला फोन करणार आहे. करू नकोस म्हणाला होतास ते माझ्या लक्षात आहे, तरी करणार आहे. कंपनीचा विषय काढणार नाही. तब्येत विचारणार नाही. तू ‘हॅलो’सुद्धा म्हणू नकोस, नसेल म्हणायचं तर. उचल आणि आकडे सांग.

सावकाश सांग. पहिल्यांदा नीट ऐकू आले तरी मी ते पुन्हा सांगायला लावणार आहे.

रविवारी घरीच असलेली,
ताई