दलालीला माझी जीभ आड येते

हिंगोली, फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८६०

चि. सौ. गोजरबाई हिला थोरल्या बहिणीचा, अनुसूयेचा, भरपूर आशीर्वाद. इकडं समदे धडधाकट हायेत, नातवंडं तर जरा जास्तच. तुझ्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधून राहिलीस, का नुसतीच कण्हून राहिलीस ते कळव. तिसरी अर्धी सोडलेल्या बाईचं अक्षर हाय, सांभाळून घे.

तर मी काम धरलंय. हसू नकोस. गोपीचंदशेठनं ठेसनाजवळ कापसाच्या जिनिंगच्या मागं सहा नवी पत्र्याची घरं बांधली. शेठ म्हणाला, आजी, गावातल्या बाया तुमचा शब्द मानतात, घरं तुमी दाखवा, एक घर गेलं की दहा रुपये दलाली. मला नांदेडच्या डाक्तराकडून दातांची कवळी करून घ्यायची हाय. (पोरगं म्हणतं, या वयात कुणाला चावायचंय? पहिलं त्यालाच चावीन.) दोन घरं गेली की वरचे-खालचे समदे दात आले. पण पाडव्यापर्यंत एकबी न्हाई गेलं, तर किल्ल्या शेठच्या मुकादमाकडं जाणार. मग मी हायेच, भाकरी दुधात बुडवून.

दलालीची तकलीफ काय ते आता समजलं. खुरपायला गेलेल्या बाईला सांजच्याला मजुरी तरी मिळते. दलालानं दिवसभर कुलपं उघडावी, उन्हात टाचा भाजाव्या, घरचा चहा पाजावा, आन् गिऱ्हाईकानं "विचार करून सांगतो" म्हणत मिशा पुसत जावं. आमच्या गल्लीतली नीलाबाई चारदा आली, दर खेपेला नवीन नणंद घेऊन. घर काहून घेईल? तिला दुपारची सावली पाहिजे होती.

त्यात आपल्या बायांची रीत तुला ठाऊकच हाय. नव्या घरात पाऊल टाकायच्या आधी विचारणार, आधी इथं काय होतं? इथं होता कोंडवाडा. परवा एक बाई आली, तिला मी तसं सांगितलं. माझी शेळी दोनदा इथंच अडकली होती, नेमकी जिथं आता देवघर हाय तिथं, हेबी सांगितलं. (विचारलं न्हाई कुणी, पण आठवलं.) ती बाई चूल न बघताच उंबऱ्यावरून परतली.

शेठ कावला. म्हणाला, आजी, तोंड आवरा. दुसऱ्या दिवशी मी गुळाचा हा एवढा खडा तोंडात धरला आन् ठरवलं, कुणी काही विचारो, नुसती मान डोलवायची. पोष्टातला शंकरसिंग आईला घेऊन आला. म्हातारी विचारून राहिली, मी डोलवून राहिले. वारा येतो? मान. विहीर जवळ हाय? मान. शेजार चांगला? मान. गडी खिशाला हात घालणार, तेवढ्यात म्हातारी म्हणाली, पावसात पत्रा गळतो का? मान आपली चालूच. दोघं माझ्याकडं बघतच राहिले. मग मी घाईघाईनं गूळ गिळला आन् बराबर खुलासा केला की, पत्रा अजिबात गळत न्हाई, ओल येते ती भिंतीतून.

आता सहाच्या सहा घरं जशीच्या तशी हायेत आन् पाडव्याला पंचवीस दिवस. बाकी समदं ठीक. लेकरांना माझा पापा.

तुझी अक्का

ता. क. खरं काम हे. तुझ्या किसनरावांना आठ दिवस इकडं धाडून दे. चाळीस वर्षं तुझ्या हातचं वरण खाऊन "झकास झालंय" म्हणणारा माणूस, तोंडावरची सुरकुती हलत न्हाई. घरं त्यांनी दाखवावी, मी लांब विहिरीवर बसेन. निम्मी दलाली तुमची.

ता. क. दुसरा. किसनराव, गोजरला वाचता येत न्हाई, म्हणजे हे पत्र तुमीच वाचून दाखवून राहिले असाल. वरणाच्या ओळीच्या जागी तुमी तिला भलतंच कौतुक वाचून दाखवलं असेल, आन् तेबी न अडखळता. म्हणूनच तुमी पाहिजे. उद्याच्याच गाडीत बसा.