दुसऱ्या कॉलवर

बाई,

तुमच्या अंगठीचा आवाज मला अजून ऐकू येतो. कविता म्हणताना तुम्ही उजवा हात टेबलावर ठेवायचात आणि अंगठी लाकडावर वाजायची, टक, टक. त्या ठोक्यावर आम्हा पन्नास पोरांचं भुजंगप्रयात पावलं टाकत चालायचं. खिडकीकडच्या रांगेने एक ओळ म्हणायची, दाराकडच्या रांगेने पुढची. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मी चौऱ्याहत्तरचा झालो. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो आणि तुमच्या वर्गात पाठ केलेलं सगळं अजून म्हणू शकतो. फक्त ऐकायला कोणी नसतं.

म्हणजे एक होता. माझ्याच बाकावर बसायचा तो. तोच, ज्याला स्नेहसंमेलनात कविता म्हणायला तुम्ही निवडलंत आणि जोडीला निवडलंत पुढच्या बाकावरच्या बाइंडरच्या मुलाला. कविता मला त्या दोघांपेक्षा चोख पाठ होती. मी उभा राहून तसं सांगितलं तेव्हा तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "पाठ आहे रे तुला, पण दुसऱ्याचं ऐकत नाहीस. तू मनातल्या मनात म्हण." वर्ग हसला. ते दोघं मात्र हसले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

माझा बाकावरचा सोबती पुढे कॅनडाला गेला. वर्षाकाठी एखादं पत्र यायचं, मग तेही थांबलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने इंटरनेटवरून त्याला शोधून काढलं, मोबाईलवर जोडून दिलं, आणि एका रविवारी संध्याकाळी सात वाजता माझ्या डायनिंग टेबलावर तो हजर. इकडे दिवेलागण, तिकडे त्याचा सकाळचा चहा. "तुझं नुसतं कपाळ दिसतंय," तो म्हणाला. "बाकीचा पुण्यातच आहेस ना?" तेव्हापासून रविवारचे सात माझे झाले. साडेसहालाच मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. बाई, एवढा तर मी ऑफिसलाही कधी नटून गेलो नाही.

आम्ही तुमच्या कविता म्हणायचो. पण त्या यंत्रात आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. मी ओळ संपवून पुढची धरली की त्याची मागची ओळ येऊन माझ्यावर आदळायची. मग तो गप्प राहायचा आणि मी एकटाच पुढे म्हणत जायचो. खरं सांगू, मला ते फार आवडायचं. एका रविवारी तो म्हणाला, "म्हणतोस छान, पण मला शिरायला जागाच ठेवत नाहीस. तो थांबायचा माझ्यासाठी. आपला बाइंडर रे. आहे का तो पुण्यात? नंबर मिळेल?"

बाई, बाइंडरचं दुकान रविवार पेठेत जिथे होतं तिथेच आहे. वडिलांच्या मागे तोच बसतो, आता त्याचा नातूही हाताशी असतो. मी रद्दीतून आपली जुनी पाठ्यपुस्तकं शोधून आणतो ना, ती शिवून, पुठ्ठा चढवून तोच देतो मला. दर महिन्याला मी त्याच्या स्टुलावर बसून चहा पितो. आणि मी कॅनडाला सांगून टाकलं, "कुठे कोंढव्याकडे राहायला गेलाय म्हणतात. काही संपर्क नाही."

एवढ्यावर भागलं नाही. बाइंडर खळ लावता लावता दर वेळी विचारायचा, "काय रे, आपल्या कॅनडाचं काही कळतं का?" आणि मी म्हणायचो, "मोठा माणूस तो. आपल्याला कुठला वेळ देतोय." तो मान हलवायचा आणि माझ्या पुस्तकाच्या कण्यावरून अंगठा फिरवायचा. दोन वर्षं मी असा त्या दोघांच्या मधे बसून राहिलो. त्याला एकदाही घरी ये म्हणालो नाही. घरात तो फोन होता ना.

मागच्या महिन्यात रविवारी सातला फोन लावला तर पडद्यावर अक्षरं आली, दुसऱ्या कॉलवर आहे. सव्वासातलाही तेच. साडेसातला त्याचा फोन आला. चेहरा असा फुललेला, मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. बाइंडरच्या नातवाने दुकान इंटरनेटवर टाकलं होतं आणि तिथल्या फोटोत याने त्याला कानांवरून ओळखलं होतं. "अरे, आम्ही अख्खी कविता म्हटली," तो म्हणाला. "तो ओळ संपवतो आणि थांबतो. माझा आवाज पोचेपर्यंत थांबतो. अजिबात अडखळलो नाही." मग म्हणाला, "तो सांगत होता, तू दर महिन्याला येतोस दुकानात. असं का रे केलंस?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. मी लाल बटण दाबलं आणि नेट गेलं असा निरोप टाकला. त्यानंतर तीन रविवार तो सात वाजता फोन करतोय आणि मी समोर बसून फोन वाजू देतोय. दुकानाकडेही फिरकलो नाही. शरमेने उचलत नाही असं तुम्हाला वाटेल. शरम आहेच. पण उचलला तर तो बाइंडरबद्दल बोलेल, हे मला जास्त सोसत नाही. या वयात, बाई. बीपीची गोळी घेतो मी, आणि सातवीतल्या पोरासारखा दुसऱ्याच्या जोडीवर जळतो.

आजही रविवार आहे. सातला फोन वाजून थांबला आणि मी हा कागद ओढला. एवढं लिहिलं आणि आता दाराची बेल वाजली. भिंगातून पाहिलं. बाइंडर उभा आहे. लिफ्ट नाही आमच्याकडे, तीन मजले चढून धापा टाकतोय. हातात मोबाईल समोर धरलेला, आणि त्यातून ओळखीचा आवाज येतोय, "आहे का रे? काही कळतंय का?"

"आत दिवा आहे," बाइंडर म्हणतो. मग दाराला तोंड लावून मला म्हणतो, "अरे, असशील तर खोक तरी. याने तिकडून मला पंधरा वेळा फोन केला, तुझा पत्ता दिला. म्हणाला, वर चढ आणि बघ, आहे का गेला."

मी परत येऊन या ओळी लिहितोय. तो बेल पुन्हा वाजवत नाही, थांबलाय. हा कागद आता पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली सरकवतो, कारण तो आत येणार आणि समोर पडलेला कागद वाचल्याशिवाय राहणार नाही. एकच सांगायचं राहिलं. त्या दोघांना दारात पाहून माझे डोळे भरले, हे खरं. पण त्याच्या आधी, बाई, मनात आलं ते हे, की इथवर येताना जिनाभर हे दोघं काय बोलत आले असतील.