उचगावचा कॉम्प्युटर आणि नेसरीचा भाऊ यांची व्यवस्था

मी, निशिगंधा आनंदराव चौगुले, वय एकाहत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, डोके ठिकाणावर असताना आणि कुणी मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. घर आणि बँकेतील ठेव मुलगी स्नेहल हिला.

२. शिलाई मशीन जाऊबाई बाळाबाई यांना. त्या ते न विचारता नेत आल्या आहेत. आता विचारायचे कारणच उरणार नाही.

३. माझा जुना कॉम्प्युटर, जो टीव्हीला जोडावा लागतो, धाकटा भाऊ अमरसिंह देसाई, राहणार नेसरी, याला. तसलाच एक त्याच्याकडे आहे. दोन्ही आम्ही बरोबरच घेतले होते. स्नेहलने तो भंगारात घालू नये.

याचे कारण लिहिणे भाग आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर अमरसिंहने दोन्ही मशीनना नेटवर्कचे कार्ड बसवायचे काढले, म्हणजे आम्हाला टाइप करून बोलता येईल. माझे कार्ड बसले ते नेमके खंडेनवमीला. विळीखुरप्याची पूजा करायची आणि कॉम्प्युटर तसाच ठेवायचा, हे मला पटेना. मी हळदकुंकू लावून नारळ फोडला. झाकण त्याने उघडे ठेवले होते. पाणी थेट कार्डावर गेले.

"आक्का, तुला अक्कल हाय का न्हाय?" असे तो भरल्या घरात म्हणाला. मी म्हटले, "हाय की. दरवाजा कुठं हाय, ते बी दावते." त्यानंतर तो आलेला नाही. चूक झाकणाची होती, यात बदल होणार नाही.

कार्ड पंख्याखाली वाळवले, ते चालते. रोज दिवेलागणीला मी मशीन लावते. नेसरीचे मशीन चालू असल्याची ओळ पडद्यावर येते, म्हणजे तोही तिकडे बसलेला असतो. तो काही टाइप करत नाही. मीही करत नाही. मला त्याची फार आठवण येते. कायदेशीर कागदात हे चालत असेल तर ठेवावे.

४. मी गेल्यावर माझी ओळ त्याच्या पडद्यावर दिसणार नाही. त्यावरून त्याला कळण्याआधी स्नेहलने फोन करावा.

हे वाचून साक्षीदार सई म्हणाली, "बाई, मेल्यावर फोन करणार, मग जितेपणी काय मुहूर्त लागतोय व्हय?" साक्षीदाराने सही करावी, बोलू नये. तरीही मी मशीन लावले आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केले: जेवलास का?

नेसरीहून आले: व्हय. तू?

त्याला उत्तर द्यायचे आहे, म्हणून खालची सही घाईत केली आहे. ती माझीच समजावी.

(सही) नि. आ. चौगुले

साक्षीदार: सई ऋतुराज पोवार (सही), ऋतुराज पोवार (सही), दोघे शेजारी

ठिकाण: उचगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५