रघूच्या झावळ्या

मी, पास्कू जुझे मार्तिस, वय शहात्तर, होड्या बांधणारा सुतार, राहणार कोर्लई, तालुका मुरुड, जिल्हा रायगड. डोके ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. राग आहे, पण रागाला कायद्याची हरकत नाही असे वकिलांनी सांगितले. त्या रागासकट हे माझे शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहते घर व मागची जागा मुलगा आग्नेल, राहणार वाशी, याला द्यावी. 'आधी चौलला जाऊन रघू घरतची माफी माग, मग घर' अशी अट घालणार होतो. घातली नाही. घरासाठी तो गुडघ्यांवर गेला असता, आणि तसली माफी रघूला नको.

२. कारण लिहून ठेवतो. ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी आमच्या देवळाला, म्हणजे चर्चला, झावळ्या रघूच्या वाडीतून येत, त्याच्या बापाच्या वेळेपासून. म्हणून तो हिंदू असूनही आमच्या सणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. गेल्या वर्षी निवडणुकीच्या धामधुमीत त्याने आपल्या पक्षाचे काहीबाही टाकले. मला ते पटले नाही, आजही पटत नाही. पण रोज सकाळी शेजारधर्माची वचने टाकणाऱ्या आग्नेलने त्याच हाताने लिहिले, "असल्यांच्या झावळ्या देवळात नकोत." शिकल्यासवरल्या गावाने त्याखाली पसंतीचे अंगठे उठवले. जेमतेम महिन्याभरापूर्वी, राखेच्या बुधवारी, आग्नेलच्या कपाळाला जी राख लागली होती ती रघूच्याच जुन्या झावळ्या जाळून केलेली.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी रघूने झावळ्यांचा टेम्पो माझ्या अंगणात रिकामा केला. "पास्कू, झाडांना माझं मत ठाव न्हाय," एवढेच म्हणाला आणि गेला. झावळ्या तिथेच वाळल्या. आग्नेलला फोन केला तर म्हणे, "पप्पा, नेटवर एवढं चालतं." त्याची आई फिलोमेना शेवटची अलिबागच्या दवाखान्यात गेली ती याच टेम्पोतून. तेव्हा रघूने आमचे मत विचारले नव्हते.

३. बँकेतील ठेव देवळाला द्यावी. तिच्यातून दरवर्षी झावळ्या विकत घ्याव्यात. आता लागतीलच.

४. लाकूड तासायचा माझा वाकस रघूला द्यायचा होता, त्याचा त्यावर जुना डोळा. पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले. वाकस द्यायचा की सही घ्यायची, हे मला ठरवायचे होते. सही घेतो, कारण तिच्यासाठी त्याला माझ्या घरात यावे लागेल. वाकस आग्नेलला द्यावा. त्याला तो धरताही येत नाही.

५. क्रुसामागे खोचलेली झावळी रघूच्या त्या ढिगातली आहे. ती राखेसाठी देऊ नये, शवपेटीत माझ्या हाती ठेवावी. माझ्या मरणाची बातमी ग्रुपवर टाकू नये. आग्नेलने स्वतः दारोदार जाऊन सांगावी आणि सुरुवात चौलपासून करावी. बाप गेल्याचे सांगताना तोंडून आणखी काही निघाले तर निघो.

ठिकाण: कोर्लई
दिनांक: ६ मार्च २०२५
(सही) पास्कू जुझे मार्तिस

साक्षीदार:
१. (सही) प्रणाली गणराज नाईक, शिक्षिका, कोर्लई
२. (सही) रघू हरी घरत, बागायतदार, चौल

ता. क. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. रघू चष्मा विसरला होता, त्याने माझा लावला. चहा ठेवला होता. "पुढल्या खेपेला," म्हणाला आणि उठला. ती खेप कुठली असेल हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.