देवीच्या चित्राखालचं नाव

रवि. १४ डिसें.
पेमा परवा उतरली सांगलीत, स्वेटरचे गठ्ठे घेऊन. आठवा हिवाळा. मागची खोली तिचीच.
आज दहाला तिच्या भावाचा फोन, तिकडनं, तिबेटातनं. दर रविवारचा. बोलणं काय, तर बर्फ, याक, आईचे गुडघे. मी म्हटलं, "भाऊ हवामान खात्यात हाय काय गं?" हसली. मग म्हणली, "अक्का, फोन दुसरं कोणीतरी ऐकतं." ऐकू दे की. याकाचं काय चोरणार.

मंगळ. १६
सूनबाईच्या, सुजाताच्या, वाचनालयात तिबेटचा कार्यक्रम. चित्रं, भाषण, शेवटी नाच. पेमाकडं भावानं काढलेलं थांका हाय. कापडावरची हिरवी देवी, गुंडाळून ठेवती. सुजातानं मागितलं, दिलं. पण म्हणली, "नाव नको. आमच्यात चित्रावर नाव टाकत नाहीत."
कसला नखरा. आमच्या जैन बस्तीत देवापुढं पंखा दिला तरी तिन्ही पात्यांवर नाव असतंय.

बुध. १७
फ्लेक्सवाल्याचा फोन. चित्रकाराची जागा मोकळी हाय म्हणला. सुजाता भायेर. मीच सांगितलं. नाव, बापाचं नाव, गाव. पहिल्या वर्षी पेमा तापात पडली हुती, तवा तिनंच सांगितलेलं. ध्यानात हाय माझ्या. अर्धवट काम मला चालत न्हाई.

शुक्र. १९
चित्रं मांडली. बाया देवीपुढं चपला काढून हात जोडत्यात. पेमा न्हाई आली, धंद्याचे दिवस. उद्या येती म्हणली. बघून खूश हुईल.

शनि. २०
भाषणवाला सावकाश बोलणारा. मला डुलकी आली हुती. मग म्हणला, तिकडं भायेरच्या लोकांशी बोललं तरी पहाटे पोलीस येऊन नेत्यात. कोण वर्षानं परत येतं, कोण येतच न्हाई. त्याच्या डोक्यामागं फ्लेक्स. नाव वीतभर.
पेमा उशिरा आली. दारातच थांबली. ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं.
सुजाताला म्हणली, "हे मोबाईलवर टाकलं?"
"व्हय, परवाच. लय लोकांनी पुढं पाठवलं."
पेमा खाली बसली. खुर्ची न्हवती तिथं.

रवि. २१
सकाळीच जाऊन कात्रीनं नाव कापून आणलं. घरात आले तर दहाला पाच कमी.
दहा. साडेदहा. अकरा. फोन न्हाई.
सुजातानं मोबाईलवरचं काढलं. म्हणली, "आवं आत्ती, ज्यांच्याकडं गेलंय त्यांच्याकडं हायच की." पेमा तिच्याशी बोलत न्हाई. तिला वाटतंय सुजातानंच दिलं. सुजाताला सगळं कळलंय. माझं नाव घेत न्हाई. मी बी गप.

गुरु. २५
भावाचा फोन बंद. गठ्ठे बांधलेलेच. थंडी एवढी पडलीया आणि ही दुकान लावत न्हाई. भाकरी झाकून ठेवली हुती, तशीच. रागावले तिच्यावर. कशाला रागावले.

रवि. २८
बरोबर दहाला वाजला. भावाचाच नंबर. पेमा ओरडलीच.
आवाज दुसऱ्याचा. त्यांच्याच भाषेत, लय मऊ. ती दोनच शब्द बोलली. त्यानं ठेवला.
"कोण गं?"
"माहीत नाही. विचारत होता, नाव कोणी दिलं."
"मग?"
"माहीत नाही म्हणलं."
फोन पालथा ठेवला. मग माझ्याकडं बघितलं.
"अक्का, सुजाताला मी गाव कधी सांगितलंच नव्हतं."
दूध उतू चाललंय म्हणून आत आले. गॅसवर दूध न्हवतं.
ती भायेर उंबऱ्यावर बसलीया अजून. एवढं लिहिते आणि जाते.