खिळ्यावरचा रबर

बाबा, आज साकोलीच्या आपल्या गॅरेजात एक गाडी आली. मालकाने हौसेने ऑइल फिल्टर मूळ जागेवरून काढून पुढे जाळीमागे नेलेला. इंजिनवर एक चकती, तिथून फिल्टरपर्यंत दोन पाइप. पाइप बदलून झाले, क्लिपा आवळून झाल्या, तरी खाली तेलाचं डबकं. "फिल्टरच खराब असन, ताई," तो म्हणत होता. मी चकती सोडवून मागे बोट फिरवलं. एकावर एक दोन रबर, तेल अडवणाऱ्या गोल कड्या. जुन्या फिल्टरचा रबर इंजिनलाच चिकटून राहिलेला, काळ्यावर काळा, आणि कुणीतरी त्याच्यावरच चकती आवळलेली. जुना खरवडून काढला, जागा पुसली, नव्याला तेलाचं बोट लावून चकती बसवली. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, थेंब नाही. तो खूश होऊन गेला. मी स्टुलावर बसून राहिले.

तुमची रीत मी आजही पाळते. काढलेला रबर भिंतीवरच्या खिळ्याला लागल्याशिवाय नवा फिल्टर बसत नाही आणि संध्याकाळी खिळा रिकामा होतो. पण तुम्ही असताना एकदा मोडली होती. त्या दिवशी मला मैत्रिणीच्या हळदीला एकोडीला जायचं होतं. कामाला आलेल्या एका जीपचा फिल्टर काढला तर त्याला रबर नव्हता. तो कुठे राहिला हे बघायचा मी कंटाळा केला आणि भंगारातला एक उचलून खिळ्याला अडकवला. "निंगाला ना रबर, माय?" तुम्ही विचारता, खिळ्याकडे बघता. "मंग बसव."

लाखनीच्या पुढे सगळं तेल सांडून त्या जीपचं इंजिन जाम झालं. मालक चार लोकांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलला. तुम्ही फिल्टर उघडला, दोन रबर पाहिले आणि हळूच म्हणालात, "आदल्या दिवसचा रबर खिळ्यावर माह्याच हातून रायला, तोच मी या जीपचा समजलो. आता डोयाचा भरोसा नाही. पाना तूच धर." मी पाना धरला. लाज वाटली, पण धरला. त्यानंतर तीन वर्षं तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलात, स्वच्छ हात मांडीवर ठेवून. कुणी काही विचारलं तर म्हणायचात, "तिले विचारा, मले नाही समजत आता." तसेच गेलात.

आदल्या संध्याकाळी खिळा तुम्ही रिकामा केला होता, बाबा. मी पाहिलं होतं. तीन वर्षं तुम्ही माझ्यापासून दहा पावलांवर होतात, तरी भंगारातल्या रबराचं मी सांगितलं नाही. आजही, हे तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर मी लिहिलं नसतं.